दोहात रात्रीचे अकरा तास: पहिल्यांदाच निघालेल्या आई-बाबांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगलीहून तुमचे आई-बाबा मे महिन्यात पहिल्यांदाच, दोघेच, तुमच्याकडे न्यू जर्सीला येत आहेत. वडील ७१ वर्षांचे, गुडघे दुखतात. आई ६६ वर्षांच्या, शुगर आहे. मुंबईहून निघून रात्री नऊला दोहाला उतरायचे आणि तिथून न्यूयॉर्कचे विमान सकाळी आठला. मधल्या अकरा तासांत त्यांनी करायचे काय, बाहेर पडून दोहा बघता येईल का, की तिकीट बदलून दोन तासांचा थांबा घ्यावा?

तिकीट बदलू नका, हे आधी सांगतो. टूर मॅनेजर म्हणून मी बरीच वर्षे ज्येष्ठ मंडळींचे गट परदेशी नेत आलो आहे, आणि साठी-सत्तरीच्या नवख्या प्रवाशांसाठी दोन तासांचा थांबा मला सर्वांत धोक्याचा वाटतो. मुंबईचे विमान पाऊण तास उशिरा पोचले, दोहाच्या ट्रान्सफर सिक्युरिटीला रांग लागली आणि पुढचे गेट नेमके दुसऱ्या टोकाला निघाले, की दुखऱ्या गुडघ्यांनी पळायची वेळ येते. अकरा तास ऐकायला खूप वाटतात. पण तुमच्या आई-बाबांचे हे अकरा तास रात्रीचे आहेत, आणि त्यातली सर्वांत चांगली गोष्ट हीच आहे.

वेळांचा हिशेब मांडून बघा. कतार भारताच्या अडीच तास मागे आहे. दोहात रात्रीचे नऊ, तेव्हा सांगलीत साडेअकरा. म्हणजे विमानातून उतरतानाच त्यांची झोपेची वेळ होऊन गेलेली असणार. दोहात पहाटेचे पाच, तेव्हा सांगलीत साडेसात, म्हणजे उठायची वेळ. या थांब्यात एक अख्खी रात्र नीट बसते. पुढचे विमान साधारण चौदा तासांचे. ते आठला निघाले की न्यूयॉर्कला दुपारी तीनच्या सुमारास उतरेल, तेव्हा भारतात रात्रीचे साडेबारा वाजलेले असतील. दोहात झोप काढलेला माणूस विमानात थोडा जागा, थोडा पेंगत येतो, तुमच्या घरी पोचून गरम वरणभात खातो आणि तिथल्या रात्री नऊला झोपतो. रात्रभर खुर्चीत ताटकळलेला माणूस मात्र विमानात दिवसभर झोपतो आणि मग पहिला आठवडा रोज रात्री दोनला टक्क जागा असतो.

म्हणून माझा आग्रह एकच आहे: आधी झोप, मग बाकीचे सगळे. बहुतेक लोक याच्या उलट करतात. उतरल्या उतरल्या दुकाने बघतात, फोटो काढतात, कॉफी पितात आणि पहाटे तीनला थकून गेटपाशी बसल्या बसल्या मान टाकतात.

झोपायचे कुठे? दोहाच्या हमाद विमानतळावर टर्मिनलच्या आतच ओरिक्स नावाचे हॉटेल आहे. इमिग्रेशन ओलांडावे लागत नाही, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न येत नाही, आणि ठरावीक तासांसाठी खोली घेता येते. ते स्वस्त नाही. तरीही अमेरिकेचे तिकीट, व्हिसा, विमा यांवर एवढा खर्च झालेला असताना या एका खोलीसाठी हात आखडता घेऊ नका. पाठ टेकायला पलंग, पाय वर ठेवायला उशी, स्वतःचे बाथरूम आणि सकाळी गरम पाण्याने अंघोळ, एवढ्याने सत्तरीतल्या माणसाचा पुढचा दिवस बदलून जातो. खोली आजच ऑनलाइन ठेवा. ऐन वेळी, विशेषतः सुट्टीच्या हंगामात, मिळेलच असे नाही. त्याआधी तिकीट देणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: एवढ्या लांब थांब्यासाठी विमान कंपनी स्वतः हॉटेल देते का? काही कंपन्या काही तिकिटांवर देतात. पण ते आधीच नोंदवावे लागते आणि त्यासाठी शहरात जावे लागत असेल तर इमिग्रेशनही आले. तसे असेल तर फुकटच्या खोलीपेक्षा आतली विकतची खोली मला बरी वाटते.

खोली मिळालीच नाही, तर विमानतळावर क्वाएट रूम आहेत. दिवे मंद, आवाज कमी, पाय लांब करता येतील अशा खुर्च्या. जागा लवकर भरतात, म्हणून उतरल्यावर थेट तिकडेच जायला सांगा. एसी चांगलाच गार असतो. शाल, कानटोपी आणि लोकरी मोजे हातातल्या पिशवीत वरच ठेवा, मोठ्या बॅगेत नको. मोठी बॅग मुंबईलाच दिली की ती न्यूयॉर्कलाच भेटणार. मुंबईच्या काउंटरवर दोन गोष्टी मात्र पक्क्या करून घ्यायच्या: दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास हातात आले आहेत, आणि बॅगेच्या पट्टीवर शेवटच्या विमानतळाचेच अक्षरसंकेत आहेत. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असतील तर हे आपोआप होते. स्वस्तात मिळाली म्हणून दोन वेगवेगळी तिकिटे घेतली असतील, तर दोहात बाहेर जाऊन सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायची वेळ येऊ शकते. तुमचे एकच तिकीट आहे ना, हे आजच बघा.

आता व्हीलचेअर. वडिलांसाठी नक्की घ्या, तिकिटावर आधी नोंदवून. चालता येते पण लांबचे अंतर झेपत नाही, अशीच नोंद करायला सांगा, कारण पायऱ्यासुद्धा चढता न येणाऱ्यांसाठीची सोय वेगळी असते. पण त्यातला एक धोका कुणी सांगत नाही. दोन विमानांमध्ये व्हीलचेअरच्या प्रवाशांना मदत कक्षात नेऊन बसवतात, आणि आपली माणसे संकोचाने तिथेच तासन्‌तास बसून राहतात. पाणी हवे, बाथरूमला जायचे, तरी विचारत नाहीत, ‘त्या मुलाला परत कशाला त्रास’ म्हणून. आई-बाबांना स्पष्ट सांगा की व्हीलचेअर ढकलणाऱ्याला हॉटेलचे नाव दाखवायचे, तिथे सोडायला सांगायचे आणि सकाळी सहाला परत न्यायला या म्हणून ठरवायचे. हे सगळे हिंदीत जमते. दोहाच्या विमानतळावर भारत, नेपाळ, बांगलादेशातली पुष्कळ माणसे कामाला आहेत. हिंदी बोलणारा कुणीतरी भेटतोच, आणि कोकणातल्या घराघरातून आखातात माणसे गेलेली असल्याने एखादा मराठी आवाजही कानावर पडतो.

गुडघे दुखतात म्हणून पूर्ण बसूनही चालणार नाही. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तेवढा असतो, हवा फार कोरडी असते, आणि तासन्‌तास पाय लोंबते ठेवल्याने पावले सुजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की चार तासांहून अधिक काळ न हलता केलेल्या प्रवासानंतर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, मग ते विमान असो, बस असो की मोटार. दुप्पट होऊनही तो सहा हजारांत एकाच्या आसपासच राहतो, त्यामुळे घाबरायचे कारण नाही. पण चौदा तासांच्या विमानाआधी सकाळी अर्धा-पाऊण तास रमतगमत चालणे आणि पाणी पिणे या दोन गोष्टी मी माझ्या गटात सक्तीच्या ठेवतो. कुणाला पूर्वी असा त्रास झाला असेल, तर पोटऱ्या घट्ट धरणारे प्रवासी पायमोजे किंवा औषध याबद्दल डॉक्टरांनाच विचारायचे. शेजाऱ्याने सांगितली म्हणून गोळी घ्यायची नाही.

आईंच्या शुगरचे. इन्शुलिन असेल तर ते आणि सगळ्या गोळ्या हातातल्या सामानात, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. खालच्या सामानात औषध कधीच नको. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, त्यामुळे ‘सकाळ-संध्याकाळ’ हा हिशेब कोलमडतो. डॉक्टरांकडून भारतीय वेळेप्रमाणे तासांचे वेळापत्रक लिहून घ्या आणि आईंच्या मनगटावरचे घड्याळ न्यू जर्सीला पोचेपर्यंत भारताच्याच वेळेवर राहू द्या. स्थानिक वेळ दाखवायला बाबांचा फोन आणि भिंतीवरचे फलक आहेत. जोरदार वेदनाशामके किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर त्यांची चिठ्ठी हवीच, कारण आपल्याकडे सहज मिळणारी काही औषधे आखाती देशांत कडक नियंत्रणाखाली आहेत.

खाण्याकडे वळतो, कारण आपल्या मंडळींचा निम्मा जीव त्यात असतो. शाकाहारी असाल तर विमानातले जेवण आधी नोंदवताना ‘एशियन व्हेजिटेरियन’ निवडा. ‘हिंदू मील’ असे नाव बघून अनेक मुले आई-वडिलांसाठी तेच निवडतात, आणि ताटात कोंबडी किंवा मासा येतो. त्या जेवणात गोमांस नसते एवढेच; ते शाकाहारी असतेच असे नाही. घरून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी, भाजक्या पोह्यांचा चिवडा, मेथीचे लाडू असे कोरडे द्या. दोहात उतरल्यावर पुन्हा सिक्युरिटी आहे, त्यामुळे दही, तेल सुटलेले लोणचे, तूप, ताक हे हातातल्या सामानात नको. शंभर मिलिलिटरच्या वरचे पातळ काहीही काढून ठेवतात. पाण्याची बाटली रिकामी करून न्यायची आणि आत भरायची. आखातातून जाताना पिशवीत अनारसे असतील तर काढून ठेवा. खसखस संयुक्त अरब अमिरातीत निषिद्ध आहे, आणि आखातातल्या कुठल्याच वाटेवर तो विषय ओढवून घ्यायला नको. फळे दोहातच संपवायची. अमेरिकेत उतरताना पिशवीतले खाण्याचे जिन्नस जाहीर करावे लागतात, आणि विसरून राहिलेल्या एका सफरचंदावरूनही दंड होऊ शकतो.

रात्री साडेनऊ-दहाला खोलीत पोचल्यावर दोन दशम्या, गोळ्या, आणि झोप. चहा-कॉफी नको. बाबा ‘एक चक्कर मारून येतो’ म्हणतील. त्यांना सांगा, चक्कर सकाळी.

सकाळी पाचला उठून अंघोळ, मग साधारण तासभर हाती उरतो, आणि हा तास खरोखर आनंदाचा करता येतो. हे विमानतळ २०१४ साली सुरू झाले आणि त्यात कलाकृती मन लावून मांडल्या आहेत. मध्यभागी डोक्यात दिवा घातलेले पिवळे अस्वल बसले आहे, सुमारे सात मीटर उंच. उर्स फिशर या स्विस शिल्पकाराचे काम. दिसायला कापडी खेळणे, प्रत्यक्षात ब्राँझ. दोघांचा तिथे फोटो काढायला कुणालाही विनंती करता येईल, सगळे जण तेच करत असतात. दुसऱ्या भागात २०२२ मध्ये खुली झालेली ऑर्चर्ड नावाची बाग आहे. काचेच्या छताखाली खरी झाडे, पाणी आणि बसायला जागा. सकाळचा उजेड त्या काचेतून उतरायला लागतो तेव्हा ती मला फार आवडते. ज्यांचा दिवस अंगणातल्या तुळशीपाशी सुरू होतो त्यांना बंद इमारतीत हिरवे काही दिसले की किती बरे वाटते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. अंतर मोठे आहे. पण इमारतीच्या आतच दक्षिण-उत्तर धावणारी छोटी रेल्वे आहे, तिने जायचे. बाबांना त्या गाडीचेच अप्रूप वाटेल.

दुकानांत वेळ घालवू नये असे मी म्हणत नाही, पण परतीच्या प्रवासात. जाताना चॉकलेटचे ओझे कशाला? पैशांचे म्हणाल तर थोडे डॉलर सुट्ट्या नोटांत द्या आणि एक कार्ड. भारतीय कार्डावर परदेशातला वापर बहुधा बंदच असतो, तो बँकेच्या अॅपमधून निघण्याआधी चालू करून घ्या. चार्जिंगसाठी दोहात तीन चौकोनी पिनांचे, इंग्लंडसारखे सॉकेट असते. दुबई आणि सिंगापूरलाही तेच. सगळीकडे चालणारा एक अॅडॉप्टर इथूनच न्यावा. पॉवर बँक हातातल्या सामानातच.

गेटबद्दल थोडे सविस्तर. आपल्या लोकांना एस्टी स्टँडची सवय असते, गाडी लागायच्या आधीपासून फलाटावर उभे राहायची. तसे अकरा तास गेटपाशी बसून उपयोग नाही, कारण तुमच्या विमानाचे गेट रात्री ठरलेलेच नसते आणि ठरलेलेही बदलते. शिवाय बऱ्याच मोठ्या विमानतळांवर आता प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. ‘बोलावतील तेव्हा जाऊ’ म्हणून बसलेला माणूस बसूनच राहतो. म्हणून फलक वाचायला शिकवा: विमानाचा क्रमांक, वेळ, गेटचे अक्षर आणि आकडा. शहराच्या नावावर जाऊ नका, एकाच शहराला दोन विमाने असू शकतात. घरी बसल्या बसल्या व्हिडिओ कॉलवर एकदा हे करून घ्या. सहाच्या सुमारास गेट बघायचे आणि साडेसहापर्यंत तिथे पोचायचे. अमेरिकेच्या विमानांना गेटवर पासपोर्ट-व्हिसाची आणखी एक तपासणी असते, त्यामुळे इतर विमानांपेक्षा लवकर जावे लागते.

राहिला दोहा शहर बघायचा प्रश्न. या खेपेला नको. रात्री नऊला उतरून बाहेर पडायचे म्हणजे झोपेचाच बळी. थांबा दिवसाचा असता आणि हिवाळा असता, तर मी उलट सांगितले असते. विमानतळातूनच मेट्रो निघते. लाल मार्गाने मुशैरिबला उतरून सोनेरी मार्गावर एक स्टेशन गेले की सूक वाकिफचा जुना बाजार, आणि साधे तिकीट दोन रियालचे. आय. एम. पेई यांनी रचलेले, २००८ मध्ये उघडलेले इस्लामी कलेचे संग्रहालय समुद्राच्या कडेलाच आहे, आणि ते बघण्यासाठी मुद्दाम थांबावे इतक्या योग्यतेचे आहे. विमानतळावरून निघणाऱ्या ठरावीक तासांच्या सहलीही मिळतात. पण मेमध्ये तिथे दिवसा पारा चाळिशीच्या आसपास असतो, आणि जुन्या बाजारातली बरीच दुकाने दुपारी बंद असतात. बाहेर पडायला किमान सात-आठ तासांचा दिवसाचा थांबा हवा, आणि भारतीय पासपोर्टवर प्रवेशाचे नियम काय आहेत ते त्या आठवड्यात तपासून घ्यायला हवे. असे नियम बदलत राहतात. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या काकांच्या अनुभवावर विसंबू नये.

पुढे कधी तिकीट दुसऱ्या मार्गाने काढलेत तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. अबुधाबीमार्गे अमेरिकेला जाताना अमेरिकेचे इमिग्रेशन आणि कस्टम्स अबुधाबीतच होते. न्यूयॉर्कला रांग नसते हा मोठा फायदा, पण त्यासाठी अबुधाबीत बराच आधी रांगेत लागावे लागते. झोपेचा आणि फिरण्याचा हिशेब त्याप्रमाणे बसवायचा. आणि सिंगापूरमार्गे कुठे गेलात, तर तिथल्या चांगी विमानतळाचा तो प्रसिद्ध चाळीस मीटरचा धबधबा ट्रान्झिट भागात नाही, इमिग्रेशनच्या पलीकडच्या इमारतीत आहे. तो बघायचा तर देशात प्रवेश मिळायला हवा. आतल्या आत तिसऱ्या टर्मिनलमधली फुलपाखरांची बाग मात्र सगळ्यांसाठी खुली आहे, आणि मला ती धबधब्याइतकीच आवडते.

शेवटचे काम तुमचे स्वतःचे. एका जाड कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून द्या: दोन्ही विमानांचे क्रमांक, हॉटेलचे नाव, आरक्षणाचा क्रमांक, आईंची औषधे, तुमचा फोन. दोघांकडे वेगळी प्रत, पासपोर्टमध्ये घडी घालून. फोनची बॅटरी संपली तरी कागद चालतो. विमानतळाचे वायफाय मोफत आहे. आखातात व्हॉट्सअॅपवरचे कॉल काही ठिकाणी लागत नाहीत, पण मेसेज आणि व्हॉइस नोट जातात. ‘पोचलो’ एवढी एक व्हॉइस नोट रात्री नऊला पाठवायला सांगा, तेव्हा तुमच्याकडे दुपारचे दोन असतील. उठवायची जबाबदारी फोनच्या गजरावर टाका, हॉटेलला वेक-अप कॉल सांगा, आणि शिवाय तुम्हीही घ्या. दोहात पहाटेचे पाच वाजतात तेव्हा न्यू जर्सीत रात्रीचे दहाच झालेले असतात, तुम्ही जाग्याच असाल. हॉटेलच्या नंबरावर साधा फोन लावून खोलीत जोडून द्यायला सांगा, आणि आईंचा आवाज ऐकल्याशिवाय ठेवू नका.